गावचा मध मुंबईत विकायचाय? मग हे आधी वाचा

मार्चपासून मध निघायला लागतो आणि मेअखेर घराघरात बाटल्या भरून तयार असतात, त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे मधाचेच प्रश्न जास्त आलेत. बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र करून घेतलेत. नावं छापत नाहीये, फक्त ठिकाणं.

प्रश्न (मुलुंड) : ताई, नमस्कार. भावाकडे संगमेश्वरला सातेरी मधमाशीच्या थोड्या पेट्या आहेत. मध कॅनमधून इकडे आणतो, मी आणि बायको घरी गाळून बाटल्या भरतो आणि सोसायटीत, ऑफिसात देतो. वर्षाला ४०-५० किलो असेल. एकाने घाबरवलं की लायसनशिवाय विकलं तर जेल होते. आम्ही शेतकरीच आहोत ना, आम्हाला कशाला लायसन?

दादा, आधी जेलचं डोक्यातून काढा. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे, त्यात विनापरवाना धंद्यासाठी पूर्वी कैदेची तरतूद होती हे खरं, पण ती ज्यांना लायसन लागतं त्यांच्यासाठीच होती, आणि त्याच कलमात छोट्या व्यावसायिकांना वगळलेलं आहे. तुम्हाला लायसन लागतच नाही, तुम्हाला लागतं ते रजिस्ट्रेशन, म्हणजे नोंदणी. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला छोटा व्यावसायिक धरलं आणि त्याच्यासाठी वर्षाला फक्त १०० रुपये फी ठेवली. ही रक्कम सरकार बदलू शकतं, त्यामुळे फॉर्म भरायच्या दिवशी फॉसकॉस पोर्टलवर (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणीची साइट) जी दिसेल तीच धरा. पण ५० किलो मधवाला माणूस कुठल्याही हिशोबाने छोट्यातच बसतो.

आता शेतकऱ्याचा मुद्दा. तो अगदीच चुकीचा नाहीये. कायद्यात शेतकरी आणि शेतावरच्या पातळीवरचं त्याचं उत्पादन बाहेर ठेवलंय. म्हणजे भावाने पेटीतून मध काढून तसाच कॅनमध्ये दिला तिथपर्यंत तुम्ही हे म्हणू शकता. पण तो कॅन मुलुंडच्या स्वयंपाकघरात आला, गाळला गेला, बाटलीत भरून त्यावर नाव चिकटलं की ते शेतावरचं काम राहिलं नाही, तो पॅकिंगचा व्यवसाय झाला. विकता सोसायटीत की ऑफिसात की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याने काही फरक पडत नाही. फेरीवाले आणि तात्पुरत्या स्टॉलवालेसुद्धा नोंदणीच्या व्याख्येत आहेत, मग घरून विकणारे तर नक्कीच आले.

नोंदणी कुठल्या पत्त्यावर करायची हा प्रश्न अजून तिघांनी विचारलाय. जिथे मध गाळून भरला जातो त्या जागेची करायची. पेट्या संगमेश्वरला असल्या तरी बाटली मुलुंडला भरता, म्हणजे पत्ता मुलुंडचा. उद्या भावानेच गावी भरायचं ठरवलं तर त्याच्या नावाने आणि त्याच्या पत्त्यावर घ्यावी लागेल, आणि खरं सांगू का, मला तोच मार्ग जास्त आवडतो कारण लेबलवर गावाचं नाव येतं, भावाच्या नावाने धंदा उभा राहतो आणि तुमच्या फ्लॅटमधली कटकट वाचते. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा एवढं जवळ ठेवून फॉर्म ऑनलाइनच भरायचा असतो, मुंबईत हे काम राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे आहे आणि त्यांचं ऑफिस बीकेसीत, बांद्रा पूर्वेला. त्याच नियमावलीप्रमाणे अर्ज आल्यावर ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची, नाहीतर तपासणीची नोटीस काढायची असते. तपासणी काढली तर ३० दिवसांत निर्णय. एजंटला हजारो रुपये देणारे लोक मी बघितलेत, खूप वाईट वाटतं, १०० रुपयांच्या कामाला त्याची काहीच गरज नसते.

नंबर १४ आकडी येतो. नोंदणीचा असेल तर २ ने सुरू होतो, लायसनचा १ ने. तो बाटलीवर आणि बिलावर दोन्हीकडे लिहायचा.

प्रश्न (दादर) : आमचा महिला बचत गट आहे. जव्हारकडच्या आदिवासी कुटुंबांकडून जंगलचा मध घेऊन आम्ही भरतो. प्रदर्शनात स्टॉल लावायचाय तर आयोजकांनी सांगितलं की लेबल नीट हवं. नक्की काय काय छापायचं? हिरवा ठिपका लावायचा की नाही यावरून गटात वाद झालाय.

काकू, ठिपक्याचं आधी सांगते म्हणजे वाद मिटेल. लेबलच्या नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे त्यातून दूध, मध, मेण हे स्पष्टपणे वगळलेलं आहे, त्यामुळे तपकिरी चिन्हाचा प्रश्नच येत नाही. गटातल्या ज्या ताई म्हणतात की मध माशीपासून येतो म्हणून तो मांसाहारी, त्यांचा विचार त्यांच्या जागी ठेवूया, कायदा तसं म्हणत नाही.

बाकी लेबलवर दोन कायद्यांचं राज्य आहे आणि लोक नेमके दुसरा विसरतात. पहिला अन्न सुरक्षेचा. त्याखाली पदार्थाचं नाव, भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि तो १४ आकडी नंबर, बॅच नंबर, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचा ती तारीख हे सगळं लागतं. मध खराब होत नाही म्हणून तारीख नको असं कोणी सांगेल, ऐकू नका, तारीख लागते, बरेच जण १२ ते १८ महिने धरतात. बॅच नंबरसाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एका वहीत कुठल्या घरचा मध, कुठल्या दिवशी भरला, किती बाटल्या झाल्या हे लिहा आणि त्या पानाचा नंबर म्हणजे तुमची बॅच. एखाद्या बाटलीची तक्रार आली तर सगळा माल परत न बोलावता तेवढाच काढता येतो.

दुसरा कायदा वजनमापाचा. २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम. त्यात निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत म्हणजे एमआरपी, ग्राहक तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल, आणि आता ग्रॅममागे किती रुपये तेही छापावं लागतं. एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर दर ग्रॅमला, जास्त असेल तर किलोला. म्हणजे २५० ग्रॅमची बाटली २०० रुपयांना असेल तर ८० पैसे प्रति ग्रॅम. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नाव नोंदवायचं असतं. वजनकाटाही त्यांच्याकडून पडताळून, शिक्का मारून घ्यायचा, घरातला केक बनवायचा काटा चालत नाही.

आणि मध वजनावरच विकायचा, मिलीवर नाही. हे मुद्दाम सांगतेय. मध पाण्यापेक्षा खूप जड असतो, ५०० मिलीच्या बाटलीत साधारण ७०० ग्रॅम बसतो. बाटलीवर ५०० मिली कोरलंय म्हणून ५०० ग्रॅम समजून काठोकाठ भरून देणाऱ्या बायका मी बघितल्यात, आपल्याच कष्टाचा २०० ग्रॅम मध फुकट जात होता त्यांचा. प्रत्येक बाटली काट्यावर ठेवून भरा.

लेबल चुकलं तर त्याला कायद्यात मिथ्याछाप म्हणतात आणि दंड ३ लाखांपर्यंत जाऊ शकतो. ही वरची मर्यादा आहे, पहिल्या चुकीला कोणी ३ लाख लावत सुटत नाही, पण छपाईला टाकण्याआधी चार जणींनी वाचून बघायला काय हरकत आहे.

जंगलच्या मधाचं अजून एक. भारतीय वन कायद्यात जंगलातून आणलेला मध आणि मेण हे वनउपज आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मधाला गौण वनउपज धरून त्यावर आदिवासींचा आणि तिथल्या पिढीजात वनवासींचा हक्क मान्य केला, गोळा करण्याचाही आणि विकण्याचाही. म्हणजे त्यांच्याकडून विकत घेणं हा गुन्हा नाही, उलट ते चांगलं काम आहे, फक्त वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या समितीकडून घ्या आणि कोणाकडून किती घेतला त्याची पावती करा, भले साध्या कागदावर असेना. भाव पण त्या पावतीवर लिहा. मुंबईत ज्या भावाने आपण विकतो तो त्यांनाही कळला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (डोंबिवली) : माझा मध शंभर टक्के शुद्ध आहे, माझ्या डोळ्यासमोर काढलेला. तरी एका दुकानदाराने लॅब रिपोर्ट मागितला म्हणून तपासला तर साखरेच्या चाचणीत नापास! मी एक थेंबही मिसळलेलं नाही. असं कसं होऊ शकतं? आणि गिऱ्हाईक पाण्यात थेंब टाकून बघतात त्यात तर पास होतो.

हा प्रश्न वाचून मला फार वाईट वाटलं, कारण असं प्रामाणिक माणसासोबतच होतं. उत्तर मोठं आहे, शांतपणे वाचा.

तुम्ही बाटलीत साखर मिसळली नाही हे मी मानते. पण पावसाळ्यात माशांच्या वसाहतींना साखरपाणी दिलंत का? कोकणात जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडता येत नाही, फुलोराही नसतो, त्यामुळे साखरेचा पाक द्यावाच लागतो, नाहीतर वसाहत मरते किंवा पळते. त्यात गैर काही नाही. गैर तिथे होतं जिथे पाक देणं वेळेवर थांबत नाही किंवा पाक चालू असताना वर मधुकोठी (पेटीतला मध साठवायचा वरचा कप्पा) लावलेली असते. माशी तो पाक मधासारखाच साठवते. मग काढणीत तो मधात येतो आणि तुम्हाला कळतही नाही. आपली साखर उसाची आणि ऊस ज्या प्रकारची वनस्पती आहे त्यातली साखर लॅबला कार्बनच्या तपासणीतून ओळखता येते, रिपोर्टमध्ये तिला सी-४ साखर म्हणतात. एफएसएसएआयच्या मानकात ती ७ टक्क्यांपर्यंतच चालते. शिवाय सुक्रोज ५ टक्क्यांपर्यंत. तुमचा रिपोर्ट यातल्या कशात अडकलाय ते बघा, मला बहुतेक हेच कारण वाटतंय. उपाय असा की फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक पूर्ण बंद करायचा, मधुकोठी त्यानंतर लावायची, आणि शिशुकोठीतल्या (खालच्या, पिल्लांच्या कप्प्यातल्या) चौकटींतला मध काढायचाच नाही, तो माशीचा आहे.

दुसरं, ओलावा. मानकात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडचा सातेरीचा मध मुळातच पातळ असतो आणि घाईने काढला तर हमखास वर जातो, मग बाटलीत फेस येतो, आंबट वास येतो, गिऱ्हाईक म्हणतं गूळपाणी दिलं. पोळ्यावरची घरं मेणाने बंद झाली की मध पिकला असं समजायचं, बहुतेक चौकट बंद असेल तरच काढा. रिफ्रॅक्टोमीटर म्हणून एक छोटं उपकरण मिळतं, एका थेंबात ओलावा दाखवतं, चार मधपाळांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. आणि मुंबई-डोंबिवलीची हवा लक्षात घ्या, मध हवेतलं पाणी ओढून घेतो, उघडी पातेली ठेवून निवांत गाळत बसलात तर पिकलेला मधही पातळ होईल. पाणी उडवायला मध उकळू तर अजिबात नका, त्याने एचएमएफ नावाचा घटक वाढतो आणि त्याचीही मर्यादा आहे, किलोला ८० मिलिग्रॅम.

पाण्यातला थेंब, काडी पेटवणं, मुंग्या लागत नाहीत, कुत्रा खात नाही या सगळ्या चाचण्या सोडून द्या आणि गिऱ्हाईकालाही प्रेमाने समजावा. घट्ट साखरेचा पाकसुद्धा पाण्यात तसाच तळाशी जातो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या १३ ब्रँडचे मध तपासून निकाल जाहीर केले होते, तेव्हा देशभर चर्चा झाली ती याचीच की तांदळाच्या वगैरे सिरपची भेसळ आपल्या नेहमीच्या लॅब चाचण्यांतूनही सुटते. जी लॅबमधून सुटते ती काडीपेटीने काय पकडणार? आणि मध गोठला, खाली साखरेसारखे कण बसले म्हणजे भेसळ हे पण खोटं आहे, मधातलं ग्लुकोज थंडीत गोठतं, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतं. हे एक वाक्य लेबलवर छापा, निम्मे फोन कमी होतील.

एक गोष्ट मला नेहमी छान वाटते ती सांगते. आपली सह्याद्रीतली कारवी, जी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कातही २०१६ ला सगळ्यांनी बघितली, तिच्या मधात सुक्रोज नैसर्गिकच जास्त असतं आणि हे माहीत असल्यामुळे देशाच्या मानकात कारवीच्या मधाला नाव घेऊन वेगळी मर्यादा दिलीये, ५ ऐवजी १० टक्के. तुमचा मध कारवीचा असेल तर लॅबला आधीच सांगा. पण कारवी, जांभूळ, हिरडा असं एका फुलाचं नाव लेबलवर टाकायचं तर त्या झाडाचे परागकण एकूण परागांच्या किमान ४५ टक्के असायला हवेत, आणि ते परागतपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही. शेजारी जांभळं आहेत म्हणून जांभूळ मध लिहू नका. नुसतं 'मध' लिहा, खाली गावाचं नाव लिहा, लोक घेतात.

प्रश्न (बोरिवली) : आमच्या टॉवरला आग्या मोहोळ लागलंय. काढणारा म्हणतो मध तुम्ही ठेवा, १५-२० किलो निघेल. सोसायटीच्या फंडासाठी विकला तर चालेल का?

माझा सल्ला, विकू नका. नोंदणी, लेबल हे सगळं लागेलच, पण खरी भीती वेगळी आहे. बिल्डिंगवरच्या मोहोळावर अनेकदा आधी कोणीतरी फवारणी करून घेतलेली असते आणि दुसऱ्या विंगला ते माहीत नसतं. औषध मारलेल्या पोळ्यातला मध खायलाही नको. आणि शक्य असेल तर मोहोळ काढूच नका, आग्या माशी फुलोरा संपला की स्वतः निघून जाते. मुलांना त्या बाल्कनीत जाऊ देऊ नका, दिवे बंद ठेवा, थोडे दिवस काढा. पार्काला लागून राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की नॅशनल पार्काच्या हद्दीतून मध काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न (ठाणे) : जीएसटी नंबर घ्यावा लागेल का? ऑनलाइन साइटवर टाकायचा विचार आहे.

सुटा मध करमुक्त आहे, पॅकबंद आणि लेबल लावलेल्यावर ५ टक्के. पण नंबर घ्यायची वेळ महाराष्ट्रात मालासाठी वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की येते, त्याआधी फक्त राज्याबाहेर माल पाठवत असाल तर. ऑनलाइन साइटसाठी पूर्वी सगळ्यांनाच नंबर लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना सवलत मिळाली, जीएसटी पोर्टलवर एक एनरोलमेंट नंबर घेऊन आपल्याच राज्यात विकता येतं. पुण्या-नाशिकला पाठवा, बंगळुरूला पाठवायचं असेल तर आधी सीएशी बोला.

प्रश्न (गिरगाव) : मी इन्स्टावर मध विकते. 'डायबेटिसवाल्यांसाठी सेफ', 'खोकल्यावर रामबाण', 'ऑरगॅनिक' असं लिहिलं की ऑर्डर वाढतात. सगळेच लिहितात. चालतं ना?

नाही चालत गं. पहिलं वाक्य आजच काढ. मध म्हणजे साखरच आहे, कोणाच्या तरी आईने तुझ्या पोस्टवर विश्वास ठेवून रोज दोन चमचे घेतला आणि शुगर ४०० ला गेली तर? १९५४ चा औषधी जाहिरातींचा कायदा आहे, ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत मधुमेह आहे. खोकल्यावर रामबाण हेही औषधाचंच बोलणं झालं, अन्न म्हणून नोंद असलेल्या वस्तूला ते करता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दंड अन्न कायद्यात १० लाखांपर्यंत आहे. इन्स्टाची पोस्ट ही जाहिरातच असते.

ऑरगॅनिक लिहायला एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. १२ लाखांच्या आतला मूळ उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सूट आहे, पण मग जैविक भारतचा (सेंद्रिय अन्नाचा सरकारी) लोगो वापरता येत नाही. तू दुसऱ्याकडून घेऊन विकतेस म्हणजे ही सूट तुझ्यासाठी नाही. अ‍ॅगमार्क मात्र ऐच्छिक आहे, नसला तरी विकता येतं.

त्या जागी काय लिही ते सांगते. 'एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये.' मोठ्या अक्षरात. आपल्याकडे बारशाला, त्याआधीही, बाळाला बोटाने मध चाटवायची पद्धत आहे आणि गुटीतही मध घालतात, आजी प्रेमानेच करते ते. पण मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात, बाळ लुळं पडू शकतं, श्वास अडकू शकतो. शुद्ध मधातही असू शकतात, गाळून किंवा कोमट करून जात नाहीत. बारशाच्या भेटीसाठी छोट्या बाटल्यांची ऑर्डर आली तर घे, पण प्रत्येक बाटलीवर हे असू दे आणि ऑर्डर देणाऱ्याला फोनवर तोंडीपण सांग.

प्रश्न (विरार) : नोकरी सोडून गावी पेट्या ठेवायच्यात. शिकायचं कुठे?

पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते बघून या, मधपाळांशी बोला. खादी आयोगाचं मुख्यालय तर विलेपार्ल्यातच आहे, तिथे हनी मिशनची चौकशी करा. पेट्या आल्या की मधपाळांच्या नोंदणीच्या मधुक्रांती पोर्टलवर नाव नोंदवा, २०२१ ला सुरू झालंय. नोकरी मात्र पहिल्याच वर्षी सोडू नका, दोन-चार पेट्या ठेवून एक पावसाळा वसाहती जगवून दाखवा, मग पुढचं ठरवा.